ऊर्जाधोरणात गावाचा वाटा लिहून द्या : सरपंच-सदस्यांचे मागणीपत्र

प्रति,
मा. मुख्यमंत्री, मा. ऊर्जामंत्री आणि मा. ग्रामविकासमंत्री, महाराष्ट्र राज्य

विषय : वीज व अपारंपरिक ऊर्जेबाबत केंद्र, राज्य आणि ग्रामपंचायत यांच्या जबाबदाऱ्या निश्चित करून त्या प्रमाणात अधिकार व निधी मिळण्याबाबत.

महोदय,

आमच्या तालुक्यातल्या कितीतरी वाड्यांत भर दुपारी रस्त्यावरचे दिवे जळताना दिसतात. पाहुण्याला वाटते, ग्रामपंचायत झोपली आहे. ग्रामसभेत आमचे लोकही तेच सुनावतात. खरी अडचण अशी की पथदिवे वेगळे चालू-बंद करायचे तर खांबावर त्यांच्यासाठी स्वतंत्र तार लागते, आणि ती अनेक वस्त्यांवर ओढलेलीच नाही. दिवा घरांच्या फेजवर जोडलेला असतो. लाईट आली की पेटतो, गेली की विझतो. खांब आणि तार वीज कंपनीची, त्यामुळे तार ओढणे आमच्या हातात नाही. दिवा आमचा, म्हणून बिल आमचे. त्या बिलाचा दर नियामक आयोगाने ठरवलेला. बिल भरायचे ते वित्त आयोगाच्या निधीतून, म्हणजे पैसा दिल्लीचा आणि तो कशावर खर्चायचा याचे नियमही दिल्लीचेच. एलईडी पथदिव्यांचा राष्ट्रीय कार्यक्रम ५ जानेवारी २०१५ ला सुरू झाला, तोही तिकडूनच. एका खांबापाशी एवढे मालक, पण दिवसा जळणारा दिवा विझवणे हे आपले काम आहे असे त्यांतल्या एकालाही वाटत नाही.

आम्ही तालुक्यातल्या ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच आणि सदस्य. पक्ष वेगवेगळे, पण या विषयावर आमचे एकमत आहे. ऊर्जेच्या कारभारात गावाची सही लागते, जागा लागते, वसुलीला माणसे लागतात आणि लोकांचा राग झेलायला सरपंच लागतो. अधिकाराचा विषय निघाला की मात्र गाव कुठेच नसते. ही वाटणी लेखी आणि न्याय्य व्हावी, यासाठी हे पत्र.

आधी कायदा काय म्हणतो ते पाहू, कारण आम्ही काही नवे मागतो आहोत असा समज होऊ नये. राज्यघटनेच्या सातव्या अनुसूचीत वीज हा विषय समवर्ती सूचीत ३८ व्या क्रमांकावर आहे. कायदा केंद्रही करू शकते आणि राज्यही. अणुऊर्जा आणि खनिज तेल केंद्राकडे, विजेच्या वापरावरचा व विक्रीवरचा कर राज्याकडे. १९९२ च्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने पंचायतींसाठी अकरावी अनुसूची आली. तिच्या २९ विषयांत बारावा इंधन व चारा, चौदावा ग्रामीण विद्युतीकरण आणि पंधरावा अपारंपरिक ऊर्जास्रोत. चौदाव्या विषयात ‘विजेच्या वितरणासह’ असे स्पष्ट लिहिलेले आहे. शहरांसाठीच्या बाराव्या अनुसूचीत वीजवितरणाचा उल्लेखही नाही, तिथे फक्त पथदिवे आहेत. प्रत्यक्षात मात्र उलटे चित्र दिसते. मुंबई महापालिकेचा बेस्ट उपक्रम ७ ऑगस्ट १९४७ पासून बेट-मुंबईला वीज पुरवतो, आणि २००३ च्या वीज कायद्यात अशा स्थानिक संस्थांसाठी खास सवलतीची कलमेही ठेवली गेली. ज्यांच्या अनुसूचीत वितरण लिहिले, त्या पंचायतींच्या वाट्याला आले ते फ्यूज गेल्याचे फोन.

घटनेचा अनुच्छेद २४३-छ हे अधिकार आपोआप देत नाही, राज्य विधिमंडळाने ते द्यावेत अशी तरतूद करतो, हे आम्ही जाणतो. म्हणूनच हे पत्र पहिल्यांदा मुंबईला लिहिले आहे, दिल्लीला नंतर.

२००३ च्या कायद्यात गाव अगदीच विसरलेले नाही. कलम ५ म्हणते की ग्रामीण भागातली घाऊक वीजखरेदी आणि स्थानिक वितरणाचे व्यवस्थापन पंचायत संस्था, वापरकर्त्यांच्या संघटना, सहकारी संस्था यांच्यामार्फत करण्यासाठी केंद्राने राज्यांशी सल्लामसलत करून राष्ट्रीय धोरण आखावे. कलम ६ ने वाड्यावस्त्यांसह सर्वत्र वीज पोचवण्याची जबाबदारी केंद्र आणि राज्य या दोघांवर संयुक्तपणे टाकली आहे. संयुक्त जबाबदारीचा आमचा अनुभव काय, हे एका कामावरून सांगतो. शाळेच्या आवारावरून गेलेल्या तारा इतक्या झोळल्या होत्या की पोरांनी काठी उंच केली तर लागेल. खांब हलवण्यासाठी अर्ज केला. उत्तर आले, अंदाजपत्रक होईल, निधी उपलब्ध झाल्यावर काम घेऊ. घाई असेल तर १.३ टक्के देखरेख शुल्क भरून स्वखर्चाने करून घ्या. जिल्हा नियोजन समितीकडे गेलो तर प्रस्ताव यादीत पण पुढच्या वर्षीच्या. ग्रामपंचायतीच्या निधीतून करावे तर, कंपनीच्या मालमत्तेवर आमचा पैसा कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हा ग्रामसेवकाचा रास्त प्रश्न. शेवटी पालकांनी वर्गणी काढून ते काम केले. यात कोणाही एका अधिकाऱ्याचा दोष नाही, प्रत्येकाने आपापल्या चौकटीतले उत्तर दिले.

म्हणून आमची पहिली मागणी अशी. गावातल्या ऊर्जेच्या प्रत्येक कामाचा जबाबदारी-तक्ता शासन निर्णयाने प्रसिद्ध करावा. जळालेली डीपी बदलणे, ती वाहून नेणे, झोळलेल्या तारा, वाकलेले खांब, पथदिव्यांची स्वतंत्र तार, नव्या वस्तीची लाईन, शाळा-अंगणवाडी-उपकेंद्राची जोडणी, यांतले काम कोणाचे, पैसा कोणाचा, मुदत किती आणि मुदत चुकली तर कोणाकडे जायचे, एवढे एका पानावर यावे. केंद्राच्या २०२० च्या वीजग्राहक हक्क नियमांनी नव्या जोडणीच्या मुदती ठरवल्या, विलंबाला भरपाईची तरतूद केली. पण ते नियम एकेका ग्राहकाचे आहेत. गावाच्या सामायिक कामांना ना मुदत आहे, ना भरपाई. डीपी जळाली की ट्रॅक्टर कोणी पाठवायचा, यावर अजूनही गावागावांत वाद होतात. ट्रॅक्टर शेवटी गावकऱ्यांचाच जातो.

इथे एक गोष्ट स्पष्ट करतो, कारण चर्चेला बसलो की पहिला आक्षेप तोच येतो. उद्यापासून वीजवितरण ग्रामपंचायतीकडे द्या, असे आमचे म्हणणे नाही. अहमदनगर जिल्ह्यात (आता अहिल्यानगर) मुळा-प्रवरा सहकारी वीज संस्थेने चार दशकांच्या आसपास श्रीरामपूर-राहुरी परिसराला वीज पुरवली. सहकाराचा तो मोठा प्रयोग होता. अखेरीस घाऊक वीजखरेदीच्या थकबाकीचा डोंगर झाला आणि २०११ च्या जानेवारीअखेर परवाना संपून कारभार महावितरणकडे गेला. शेतीपंपांची वसुली आणि वीजखरेदीचे पैसे यांचा मेळ जिथे एवढ्या मोठ्या संस्थेला बसवता आला नाही, तिथे दोन-तीन हजार लोकवस्तीची ग्रामपंचायत काय करणार? धोका पेलण्याइतकी आमची तिजोरी नाही, हे आम्हाला कळते. आम्हाला हवा आहे नियोजनात आवाज, तपासणीचा अधिकार आणि गावाच्या जागेवर तयार होणाऱ्या विजेत मालकीचा हिस्सा.

तपासणीची सोय कायद्यात आहे. कलम १६६(५) नुसार प्रत्येक जिल्ह्यात विद्युतीकरणाचा आढावा, पुरवठ्याचा दर्जा, ग्राहकांचे समाधान आणि ऊर्जाबचत यांसाठी समिती असायला हवी. केंद्राने २०२१ मध्ये या समित्यांची रचना सांगितली, त्यात जिल्ह्यातले ज्येष्ठ खासदार अध्यक्ष. आमदार आहेत, जिल्हाधिकारी आहेत, जिल्हा परिषदेच्या अध्यक्षांना जागा आहे. सरपंचाला नाही. आणि २०२२ पासून बराच काळ बहुतेक जिल्हा परिषदांवर प्रशासकच होते, म्हणजे पंचायतराजची ती एक खुर्चीही रिकामी राहिली. या समितीत प्रत्येक तालुक्यातून दोन सरपंच घ्यावेत, त्यांपैकी एक महिला. बैठक तीन महिन्यांतून एकदा व्हावी आणि इतिवृत्त पंधरा दिवसांत ग्रामपंचायतींच्या फलकावर लागावे.

आता ३१ मार्चच्या दाखल्याविषयी. केंद्राच्या २००६ च्या ग्रामीण विद्युतीकरण धोरणाप्रमाणे गाव विद्युतीकृत झाल्याचा पहिला दाखला ग्रामपंचायतीने द्यायचा आणि पुढे दर ३१ मार्चच्या स्थितीला दुजोराही तिनेच द्यायचा. गावाच्या हातात केंद्राने थेट ठेवलेल्या मोजक्या अधिकारांपैकी हा एक म्हणावा लागेल, आणि आमच्यातल्या अनेक सरपंचांना तो आपल्याकडे आहे हेच ठाऊक नव्हते. दाखल्याचा निकष तरी काय? वस्तीत, दलित वस्तीसह, डीपी व लाईन असावी, शाळा-पंचायत-आरोग्य केंद्रात वीज असावी आणि किमान १० टक्के घरांत जोडणी असावी. दहा टक्के! त्यानंतर २०१७ मध्ये सौभाग्य योजनेने घरोघर जोडणीचे उद्दिष्ट घेतले आणि पुष्कळ घरे उजळलीही, ते श्रेय देतो. पण घरात मीटर असणे आणि संध्याकाळी सात ते दहा बल्ब नीट पेटण्याइतका दाब असणे, या दोन गोष्टी आहेत. दाखल्याचा नमुना राज्याने बदलावा. त्यात वाडीनिहाय घरे, जोडण्या, महिन्याचे पुरवठ्याचे सरासरी तास, दाबाच्या तक्रारी आणि प्रलंबित कामे यांचे रकाने असावेत. तो ग्रामसभेत वाचून मंजूर व्हावा आणि कंपनीच्या पुढच्या वर्षाच्या कामांची यादी त्यावरून ठरावी.

पथदिव्यांच्या पैशाबाबत शासनाने एकदा काय ते ठरवावे. कित्येक वर्षे ही बिले शासन जिल्हा परिषदेमार्फत भागवीत होते. मग तो प्रवाह आटला, थकबाकी साचली आणि २०२१ साली राज्यभर गावांच्या दिव्यांच्या जोडण्या तोडल्या गेल्या. सरपंचांनी आंदोलने केली, तेव्हा पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीतून बिले भरण्याची वाट काढली गेली. वित्त आयोगाचा तो निधी गावाच्या आराखड्यासाठी होता, त्यातून गटारे, शाळाखोल्या, पाणी व्हायचे होते. ज्या दिव्यांसाठी स्वतंत्र तार आणि चालू-बंदची सोय कंपनीने दिलेली नाही, त्यांच्या बिलातून दिवसा जळालेल्या विजेची आकारणी वगळावी. जिथे मीटरच नाही आणि जोडभारावर अंदाजे बिल येते, तिथे सहा महिन्यांत मीटर बसवावा. आणि घरगुती बिलावर जे १६ टक्के विद्युत शुल्क राज्य घेते, त्यातला निश्चित वाटा त्या त्या ग्रामपंचायतीला पथदिवे व पाणीपुरवठ्याच्या विजेसाठी परत मिळावा. मुद्रांक शुल्कातला वाटा आम्हाला मिळतोच, तेव्हा कल्पना नवी नाही.

याच संदर्भात २०२० च्या कृषीपंप धोरणाचा हिशेब मागतो. शेतकऱ्यांकडून वसूल झालेल्या रकमेतील ३३ टक्के त्याच ग्रामपंचायतीच्या हद्दीत आणि ३३ टक्के जिल्ह्यात वीजयंत्रणेवर खर्च करायचे ठरले होते. सरपंचांनी घरोघर फिरून शेतकऱ्यांना पैसे भरायला लावले, ते या शब्दावर. गावनिहाय किती जमले, त्यातून कोणती डीपी, कोणती लाईन झाली, हे जाहीर करावे. पुढे २०२४ मध्ये बळीराजा मोफत वीज योजनेने साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांचे बिल शासनाने उचलले. शेतकऱ्याला दिलासा मिळाला, पण वसुलीतून गावाला मिळणारा हा निधीही त्यासरशी आटला. त्याची भरपाई कुठून होणार?

सौर प्रकल्पांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण पुढच्या पंचवीस वर्षांचा प्रश्न इथे आहे. केंद्राच्या २०१९ च्या पीएम-कुसुम योजनेच्या आधाराने राज्याने २०२३ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० आणली. शेतीच्या फीडरजवळ सौर प्रकल्प उभारून दिवसा वीज द्यायची, हा तिचा हेतू. हेतूबद्दल दुमत असायचे कारण नाही. आठवड्यातले काही दिवस दिवसा आणि बाकीचे दिवस रात्री थ्री फेज येते, तेव्हा जानेवारीच्या थंडीत रात्री दोनला उसाला पाणी द्यायला कोण जातो आणि बांधावर बिबट्या बसला असेल का, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. दिवसाची वीज हवीच.

पण वाटणी बघा. या योजनेत खासगी जमीनमालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ. दहा हेक्टर दिले तर पहिल्याच वर्षी साडेबारा लाख. गायरानासारखी शासकीय जमीन मात्र नाममात्र भाड्याने जाते आणि ग्रामपंचायतीला मिळतात वर्षाला पाच लाख, तेही तीनच वर्षे. त्यानंतरची बावीस वर्षे प्रकल्प चालणार, वीज विकली जाणार, आणि गावची गुरे मात्र चरायला दुसरीकडे. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये जगपालसिंग प्रकरणात गावाच्या सामायिक जमिनी जपण्याचा आदेश दिला, त्याच वर्षी १२ जुलैला राज्याने गायरानाबाबत शासन निर्णय काढला. त्याचा आधार घेऊन गरिबाचे झोपडे हलवायचे आणि प्रकल्पाला मात्र जागा मोकळी करायची, हे लोकांना खटकते.

आमची मागणी : गायरानावरच्या प्रत्येक सौर प्रकल्पासाठी नकाशा, क्षेत्र, करार आणि चराईची पर्यायी सोय यांसह ग्रामसभेची लेखी संमती घ्यावी. खासगी जमिनीला जो भाडेदर, तोच गायरानाला लावून ती रक्कम प्रकल्पाच्या पूर्ण मुदतीपर्यंत ग्रामपंचायतीच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावी. आणि ज्या ग्रामपंचायतीला शक्य आहे तिला स्वतः किंवा बचतगट, सेवा सोसायटी यांच्यासोबत प्रकल्पात मालकी घेण्याची मुभा व कर्जहमी मिळावी. हे स्वप्नरंजन नव्हे. तमिळनाडूत कोइम्बतूर जिल्ह्यातल्या ओडनथुराई ग्रामपंचायतीने २००६ मध्ये बँकेचे कर्ज काढून ३५० किलोवॉटची पवनचक्की घेतली, गावाची गरज भागवली आणि उरलेली वीज राज्याच्या मंडळाला विकली. आपल्याकडे सातारा जिल्ह्याच्या पाटण तालुक्यातले मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम झाले. त्याच तालुक्यातल्या कोयना धरणाच्या पाण्यावर १,९६० मेगावॉटचा प्रकल्प चालतो आणि तालुक्यातच वनकुसवड्याच्या पठारावर पवनचक्क्यांची रांग आहे. वीज तयार होणाऱ्या डोंगरातल्या गावांना विजेसाठी अर्ज करत फिरावे लागते, याची चीड आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी गिळली. पाचव्या-सहाव्या इयत्तेतली पोरे आता हा प्रश्न विचारतात.

केंद्राच्या २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या प्रत्येक सौर संचामागे स्थानिक संस्थेला १,००० रुपये प्रोत्साहन आणि प्रत्येक जिल्ह्यात एका आदर्श सौरग्रामाला एक कोटी रुपये आहेत. हजार रुपये कधी, कोणत्या खात्यात येणार, हे तालुक्याला विचारले तर जिल्ह्याकडे बोट दाखवतात. ती रक्कम थेट ग्रामपंचायतीच्या खात्यात यावी. आदर्श गावासाठी सहसा पाच हजारांवर लोकवस्तीची अट आहे, म्हणजे डोंगरी तालुक्यातली बहुतेक गावे स्पर्धेआधीच बाद. ही अट डोंगरी भागासाठी दोन हजारांवर आणण्याची शिफारस राज्याने केंद्राकडे करावी. विशेष श्रेणीच्या राज्यांना ती सवलत आहेच.

स्मार्ट मीटरचा अनुभव सांगितल्याशिवाय दिल्ली-मुंबईच्या वाटणीचे चित्र पुरे होत नाही. २०२१ च्या सुधारित वितरण क्षेत्र योजनेचा आकार ३,०३,७५८ कोटी, त्यात केंद्राचा वाटा ९७,६३१ कोटी. पैशाबरोबर अटी आल्या, त्यातली ठळक म्हणजे प्रीपेड स्मार्ट मीटर. शिवाय वीज सुधारणा करणाऱ्या राज्याला स्थूल उत्पन्नाच्या अर्धा टक्का जादा कर्ज उचलण्याची मुभा होती. विषय समवर्ती असला तरी नाड्या अशा आवळल्या जातात. लोक संतापले तेव्हा २०२४ च्या जूनमध्ये राज्याने सामान्य ग्राहकांना प्रीपेड मीटर लावणार नाही असे जाहीर केले. पुढे टीओडी (वापराच्या वेळेनुसार आकारणीचे) मीटर म्हणून पोस्टपेड स्मार्ट मीटर बसू लागले. अट दिल्लीची, निविदा मुंबईची, आणि ‘सरपंच, हे काय लावलंय दारात?’ हा प्रश्न आमच्या ओट्यावर. चूक-बरोबर बाजूला ठेवू. एवढा मोठा बदल करताना गावातल्या प्रत्येक ग्रामसभेत अधिकाऱ्याने येऊन माहिती देणे बंधनकारक करावे, आणि ठरावाचे उत्तर तीस दिवसांत द्यावे.

दरनिश्चितीच्या सुनावण्या विभागीय शहरांत होतात. तिथे उद्योगांचे वकील असतात, पुण्याचा प्रयास ऊर्जा गट आणि मुंबई ग्राहक पंचायत यांच्यासारख्या संस्था वर्षानुवर्षे मुद्देसूद बाजू मांडतात, त्याबद्दल आम्ही ऋणी आहोत. पथदिवे आणि सार्वजनिक पाणीपुरवठा यांचे दरपत्रकात वेगळे वर्ग आहेत, पण त्या वर्गांच्या वतीने बोलणारे कोणी नसते. कलम ९४(३) खाली आयोग ग्राहकांचे प्रतिनिधी नेमतो, त्यांत ग्रामपंचायतींचा एक प्रतिनिधी असावा.

ग्राम विद्युत व्यवस्थापकाची योजना २०१६ ची. तीन हजारांपर्यंत वस्तीच्या गावात आयटीआय झालेला स्थानिक तरुण, फ्यूज टाकणे, रीडिंग, बिलवाटप, पथदिवे त्याच्याकडे. कल्पना चांगली, मानधन तुटपुंजे, विम्याचा पत्ता नाही. खांबावर चढणाऱ्या पोराचा विमा आणि सुरक्षा साधने आधी, नेमणूक नंतर.

वनहद्दीतल्या वाड्यांबाबत एवढेच : २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) नुसार वीजवाहिनी आणि अपारंपरिक ऊर्जेच्या सुविधेसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडे तोडावी लागणार नसतील तर, ग्रामसभेच्या शिफारशीवर वळवता येते. ‘वनखात्याची परवानगी नाही’ म्हणून थांबवलेली प्रत्येक लाईन या कलमाखाली पुन्हा तपासावी आणि यादी तहसीलदारांनी जाहीर करावी.

यांपैकी जबाबदारी-तक्ता, जिल्हा समितीतील जागा, दाखल्याचा नमुना आणि गायरानाची संमती यांना पैसा लागत नाही, शासन निर्णय पुरेसा आहे. म्हणून या चार बाबींवर येत्या अधिवेशनापूर्वी ऊर्जा, ग्रामविकास आणि महसूल या तिन्ही विभागांच्या सचिवांसोबत आमची बैठक लावावी, अशी विनंती आहे. २६ जानेवारीच्या ग्रामसभांत हे मागणीपत्र ठरावाने स्वीकारले जाईल. नवा नमुना येवो न येवो, येत्या ३१ मार्चला आमच्या ग्रामपंचायती विद्युतीकरणाचा दाखला देताना वाडीनिहाय तक्ता जोडतील, आणि ज्या वाडीत लाईट नाही तिच्यापुढे ‘नाही’ असेच लिहितील.

आपले,
तालुक्यातील ग्रामपंचायतींचे सरपंच, उपसरपंच व सदस्य

प्रत माहिती व कार्यवाहीसाठी : केंद्रीय ऊर्जा मंत्रालय, महाराष्ट्र विद्युत नियामक आयोग, जिल्हाधिकारी, मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद, तालुक्यातील सर्व ग्रामपंचायतींचे सूचनाफलक.